गाव आमच्या मूळपुरुषानं वसवलं असं घरात सांगतात. जुना मोडी कागद काय सांगतो? जाणकारांची मदत हवी

रामबागवाली

नमस्कार मंडळी. मी इंदूरला रामबागेत राहते. चौतीस वर्षं हिशेबखात्यात नोकरी केली, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. आईबाबा दोघंही गेले. घरातलं जुनं सांगणारं आता एकच माणूस उरलं आहे, माझी आत्या. तिचं वय एक्क्याण्णव, म्हणून मला घाई आहे.

आमचं गाव देपालपूर भागातलं, गौतमपुऱ्याच्या रस्त्यानं जाताना आत वळावं लागतं. गावाचं आणि माणसांची नावं मुद्दाम लिहीत नाही. भावकीत जमिनीचा दावा चालू आहे, त्यात माझ्या लिहिण्यानं आणखी तेल पडायला नको. आमच्यातलं कुणी आता तिथे राहत नाही. वाडा पावसाळ्या-पावसाळ्यानं खचत गेला. विहीर, विहिरीवरचा कडुनिंब आणि थोडी शेती, एवढंच राहिलं.

लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी. मूळपुरुष वाईकडचे, होळकरांच्या फौजेत बारगीर, म्हणजे सरकारी घोड्यावरचे स्वार, म्हणून आले. सुभेदार मल्हारराव त्यांच्यावर खूश झाले आणि ओसाड रान इनाम दिलं. त्यांनी सात घरं आणून गाव वसवलं, विहीर बांधली. आत्या ही गोष्ट नेहमी एकाच वाक्यावर संपवते: "गावात पहिला दिवा आपल्या घरचा."

पुरावा म्हणून घरात एक मोडी कागद आहे. आम्ही त्याला सनद म्हणतो. तो खारव्याच्या कापडात गुंडाळून देवघराखालच्या फडताळात असायचा. दसऱ्याला बाबा तो पाटावर ठेवत, हळदकुंकू वाहत आणि पुन्हा गुंडाळून ठेवत. वाचता कुणालाच येत नव्हता. वीतभर रुंद आणि हातभर लांब, दोन तुकडे एकाखाली एक खळीनं चिकटवलेले. डावीकडची कड कसरीनं खाल्ली आहे. शाई मात्र अजून काळीभोर आहे, बोरूचा जाड-बारीक फटकारा स्पष्ट दिसतो.

बाबा गेल्यावर चुलतभावानं चांगल्या हेतूनं तो एका दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणला. मी पाहिलं तेव्हा खूप रडले. मधल्या सांध्यावर प्लास्टिकमध्ये हवेचा फुगा धरला आहे आणि खालचा शिक्का उष्णतेनं तपकिरी पडला आहे. भावाला काही बोलले नाही. त्याला वाटलं तो कागद वाचवतो आहे.

गेल्या वर्षी मी मोडी शिकायला घेतली. बाराखडी येते, पण शब्द कुठे तुटतो तेच कळत नाही. सगळी ओळ एका दोऱ्यात ओवल्यासारखी. खूप खटपटीनंतर एवढं लागलं: "परगणे देपालपूर", "मल्हारराव होळकर", "बेचिराख", "विहीर", आणि वर तारखेच्या जागी "इहिदे अशरीन मयातैन". शिक्क्यात "म्हाळसाकांत" असं वाटतं. बेचिराख वाचून मी चपापले. गाव कुणी जाळलं होतं की काय?

माझे प्रश्न तीन. हा कागद कधीचा? त्यात खरं काय लिहिलं आहे? आणि तिसरा माझ्यासाठी सगळ्यात मोठा. आमच्या वंशवेलीत मूळपुरुषापासून बाबांपर्यंत सहा नावं आहेत, सगळी पुरुषांची. त्या पहिल्या माणसाबरोबर जी बाई आपलं घर सोडून इतक्या लांब आली, तिचं नाव कुठेच नाही. ते कुठे मिळू शकेल का?

मोडीची_ओढ

काकू, सगळ्यात आधी एक विनंती. प्लास्टिक सोलायचा प्रयत्न अजिबात करू नका, शाई त्याच्याबरोबर निघून येईल. खिडकीपाशी दिवसाच्या तिरप्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, चार-चार ओळींचे फोटो काढा आणि मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. कागदाच्या पाठीचेही काढा. सांध्यावर मागून शिक्का असेल तर तो फार कामाचा.

तारीख मात्र आत्ताच सांगतो, कारण ती तुम्ही बरोबर वाचली आहे. हा शुहूर सन, आपल्याकडे अरबी सनही म्हणतात. अंक अरबी शब्दांत आणि एकंपासून उलट चढत जातात. इहिदे म्हणजे १, अशरीन २०, मयातैन २००, आणि पुढे "व अलफ" असणार, म्हणजे १०००. झाले १२२१. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे तुमचा कागद १८२०-२१ चा. महिना कळला तर आणखी नेमकं सांगता येईल.

आता अवघड भाग. सुभेदार मल्हारराव १७६६ मध्ये वारले. हे मल्हारराव ते नव्हेत. हे यशवंतराव होळकरांचे चिरंजीव, १८११ ते १८३३ गादीवर असलेले. १८२० साली जेमतेम चौदा वर्षांचे होते, कारभार तात्या जोग पाहत होते. शिक्क्यातल्या "म्हाळसाकांत" वरून काळ ठरत नाही. जेजुरीचा खंडोबा होळकरांचं कुलदैवत, ते नाव पिढ्यान्‌पिढ्या शिक्क्यांत येतं.

ग्वाल्हेरचा_नातू

ताई, मोडीची_ओढ यांचा अभ्यास मोठा आहे, पण घरची परंपरा इतक्या चटकन मोडीत काढू नका. राजा बदलला की जुन्या सनदा नव्यानं करून घ्यायची पद्धत होतीच. १८२० चा कागद हे नूतनीकरण असेल आणि मूळ देणगी सुभेदारांची असेल, असं का होऊ शकत नाही? आमच्या घरीही आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टी पुढे कागदांत खऱ्या निघाल्या. मी शिंदेशाहीतला, पण माळव्यात येऊन राहिलेल्या मराठी घरांचं दुखणं सगळीकडे सारखंच. मूळ गाव हातून सुटलं आणि इथलं कुणी लिहून ठेवलं नाही.

देवासकर_वहिनी

पिढ्या मोजून बघा ना. बाबांचा जन्म साधारण कधीचा? आमच्या घरच्या वेलीत बाप-लेकात पंचवीस ते तीस वर्षांचं अंतर सरासरी येतं.

आणि पहिल्या बाईच्या नावासाठी उज्जैन गाठा. क्षिप्रेवर रामघाट आणि सिद्धवट इथले तीर्थोपाध्ये पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या ठेवतात. तिथे आडनाव सांगून थांबू नका, गाव आणि परगणा सांगा. बऱ्याच वह्या गावावार लावलेल्या असतात. श्राद्धात आई, आजी, पणजी यांचा नावानिशी उच्चार होतो, म्हणून बायकांची नावं वंशवेलीत नसली तरी तिथे सापडतात. मला माझ्या सासूबाईंच्या आजेसासूबाईंचं नाव तसंच मिळालं. वाईकडचा धागा धरायचा तर नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या नामावळ्याही बघा, पण तिथे दक्षिणेतलं मूळ गाव सांगावं लागेल.

रामबागवाली

वहिनी, बाबा १९२८ चे. सहा माणसं म्हणजे मधली अंतरं पाच. अठ्ठावीसनं मागे गेले तर मूळपुरुषाचा जन्म १७८८ च्या आसपास येतो. सुभेदारांच्या फौजेत असायचे तर जन्म फार तर १७४०-४५ चा हवा, म्हणजे दर पिढीला सदतीस-अडतीस वर्षं. काका म्हणायचे की मधली दोन नावं गळली असतील. हिशेब करणारी बाई आहे मी, पण हा हिशेब कधी केलाच नाही. गोष्ट घरची होती, तपासायची असते हे सुचलंच नाही.

फोटो पाठवले आहेत. पाठीवर सांध्यापाशी काहीतरी गोल दिसतं आहे, पण प्लास्टिक तिथेच फुगलं आहे.

मोडीची_ओढ

काकू, दोन रात्री बसलो. कसरीनं खाल्लेल्या कडेचे शब्द सोडले तर जवळजवळ सगळं लागलं.

महिना "छ १४ सफर" आहे (छ म्हणजे चंद्र, सफर हा मुसलमानी महिना), म्हणजे १८२० चा नोव्हेंबर, दिवाळीनंतरचे दिवस. माळव्यात गहू-हरभऱ्याच्या पेरणीची वेळ.

ही सनद नाही, हा कौल आहे. इनामाच्या सनदेत "जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप" ही ठरलेली शब्दावली येते, ती इथे कुठेही नाही. कौल म्हणजे सरकारनं दिलेलं अभय आणि करार: येऊन वस्ती करा, जमीन लावा, मनात शक अंदेशा धरू नका. तुमच्या कागदात पुढे इस्तावा लावून दिला आहे. पहिलं साल माफ, मग सारा थोडा थोडा चढत पाचव्या सालापासून पूर्ण. पड जमीन लागवडीला आणायची ही जुनी युक्ती. नांगर धरणाऱ्याला सुरुवातीला श्वास घ्यायला मिळतो. विहिरीचा उल्लेख असा की असलेली विहीर बुजली आहे, ती उपसून नीट करावी. बांधावी असं नाही.

ग्वाल्हेरकर, तुमचा मुद्दा रास्त होता, म्हणून मुद्दाम शोधलं. नूतनीकरण असतं तर पूर्वीची सनद पाहिल्याचं किंवा जुना भोगवटा चालत आल्याचं आलं असतं. तसं काही नाही. हा पहिलाच कागद आहे.

आता तुम्ही वाचलेलं "बेचिराख". तो शब्द "बेचिराग" आहे. चिराग म्हणजे दिवा. जिथे दिवा लावायला माणूस उरला नाही ते गाव बेचिराग. हा महसुली दफ्तरातला शब्द, जाळपोळीशी त्याचा संबंध नाही. बोलीत ग चा ख झाला, राख कानाला लागली आणि आज आपण तो जळून गेलेल्यासाठी वापरतो.

त्या काळचं चित्र डोळ्यांपुढे आणा. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरची लढाई होळकर हरले. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, फौज कमी करावी लागली. त्याआधीची कित्येक वर्षं पेंढाऱ्यांनी आणि पगार थकलेल्या फौजांनी माळवा पिळून काढला होता. जॉन माल्कमनं १८२३ मध्ये छापलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात आकडे दिले आहेत: होळकरांच्या ३,७०१ खालसा, म्हणजे थेट सरकारी, गावांपैकी १८१७ साली वस्ती होती फक्त १,६६३ गावांत. बाकीची २,०३८ बेचिराग. पुढे १८१८ मध्ये २६९, १८१९ मध्ये ३४३ आणि १८२० मध्ये ५०८ गावं पुन्हा वसली. तुमचं गाव या शेवटच्या पाचशे आठांतलं असावं, असं तारखेवरून मला वाटतं.

म्हणजे मूळपुरुष बारगीर होते हे खरं असू शकतं. फौज मोडली, आणि त्याच साली पेशवाईही बुडाली. त्या पिढीतल्या कितीतरी घोडेस्वारांनी तेव्हा नांगर धरला.

एक शेवटची गोष्ट. खालून तिसऱ्या ओळीत "हद्द महदूद पूर्वीप्रमाणे" असं आहे. गाव नवं असतं तर पूर्वीची हद्द आली कुठून?

देवासकर_वहिनी

आणि पूर्वीची हद्द दाखवली कुणी? माळव्यात शिवेचा वाद झाला की गावच्या बलाई जातीच्या चौकीदाराचा शब्द मानायची जुनी रीत होती. काकू, गावात खेडापती, म्हणजे गावराखणीचा, हनुमान आहे का? आणि आपण जिला पांढर म्हणतो तशी जुन्या वस्तीची उंचवट्याची जागा, खापऱ्या सापडतात अशी?

रामबागवाली

तीन आठवडे लिहिलं नाही, माफ करा. लिहिण्यासारखं बरंच झालं.

आधी उज्जैन. भाच्याला घेऊन रामघाटावर गेले. आमचे उपाध्ये कोण हे शोधण्यातच सकाळ गेली. मी आडनाव सांगत होते आणि ते मान हलवत होते. मग वहिनींचं आठवून गाव आणि परगणा सांगितला, तेव्हा आतून लांबट, लाल पुठ्ठ्याची, शिवण उसवलेली वही निघाली. मूळपुरुषाच्या मुलानं बापाचं श्राद्ध केलं होतं, त्याची नोंद. खाली त्याची स्वतःची वेडीवाकडी सही. त्या नोंदीत आईचंही नाव आहे. गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं आणि मला पुन्हा एकदा वाचा म्हणावं लागलं. घरी येऊन आत्याला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "हे तर माझ्या आजीनं माझं पाळण्यातलं नाव ठेवलं होतं." लग्नात बदललेलं, ऐंशी वर्षांत कुणी न घेतलेलं नाव. आजीला ते कुठून माहीत होतं, हे विचारायला आता कुणी नाही.

मग गावी गेले. खेडापती आहे, वहिनी. तोंडावर शेंदराची इतकी पुटं आहेत की डोळेच तेवढे कळतात. त्याच्या मागे उंचवटा आहे, नांगरटीत अजून खापऱ्या निघतात. आम्ही लहानपणी त्या खापऱ्यांनी लंगडी खेळायचो.

चौकीदाराच्या घरी जायला मात्र माझे पाय जड झाले होते. त्यांच्या घरातले म्हातारे मी लहान असताना म्हणायचे की आमचा वंश तुमच्या आधीपासून इथला. आमच्या ओसरीवर बसलेली मोठी माणसं ते उडवून लावायची. मी ते ऐकलेलं आहे. आता त्या घरात ऐंशीच्या पुढच्या एक आजी आहेत. त्यांनी मला खाटेवर बसवलं, स्वतः जमिनीवर बसायला लागल्या, तेव्हा मीही खाली बसले. कागदातली हद्दीची ओळ मी त्यांना हिंदीतून समजावून सांगितली. त्यांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. म्हणाल्या, "बई, हम तो पेलां से यांज हां." म्हणजे, आम्ही तर आधीपासून इथलेच. मग नातवाचा हात धरून मला शिवेवर घेऊन गेल्या. एक गाडलेला दगड दाखवला, नाल्याच्या वळणावर, बाभळीखाली, मातीच्या वर वीतभर. त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना दाखवला होता, सासऱ्यांना त्यांच्या वडिलांनी. धाडी यायच्या त्या दिवसांत गावकरी गौतमपुऱ्याकडे निघून गेले, त्यांचं एक घर रानात लपूनछपून जवळपास राहिलं, असं त्यांच्याकडे सांगतात. दिवा लावायची सोय नव्हती, उजेड दिसला की धाड यायची.

हे ऐकल्यावर आत्याचं वाक्य मला वेगळंच ऐकू यायला लागलं. पहिला दिवा आमच्या घरचा असेलही. पण अंधारात तिथे माणसं होती, आणि शीव त्यांनी सांगितली म्हणून आमच्या माणसाला कुठून कुठे नांगरायचं ते कळलं. ज्या विहिरीवर आम्ही इतकी वर्षं नाव सांगितलं, ती त्यांच्या वाडवडिलांनी खणलेलीही असेल. आणि माझ्या लहानपणी त्यांनाच त्या विहिरीवर चढू देत नव्हते. हे लिहिताना मला फार लाज वाटते आहे, पण वंशवेल लिहायची तर हेही लिहायला हवं.

चुलतभावाला सगळं सांगितलं. इनाम नव्हतंच हे ऐकून तो थोडा नाराज झाला. मग म्हणाला, पुढच्या दसऱ्याला कागद पाटावर ठेवू तेव्हा मोठ्यानं वाचून दाखव. मोडीची_ओढ, तुम्ही करून दिलेलं लिप्यंतर मी मोठ्या अक्षरांत उतरवून ठेवलं आहे, आत्याला तेच वाचता येतं.

वह्या आता दोन केल्या आहेत. एकीत आमची वेल, बायकांच्या नावांसकट, जितकी मिळतील तितकी. दुसरीत कौलात उल्लेख असलेली ती सात घरं आणि चौकीदारांचं घर. सातांतली चार अजून गावात आहेत, दोन सांवेरकडे गेली, एकाचा पत्ता लागत नाही. आजींच्या घरची नावं उपाध्यांकडे नसतात, त्यांचा भाट ठेवतो. तो दोन-तीन वर्षांतून एकदा पोथी घेऊन येतो आणि ओट्यावर बसून वंशावळ वाचतो. या वर्षी होळीनंतर येईल म्हणतात. नातवानं माझा नंबर घेतला आहे, भाट गावात आला की फोन करणार आहे.

इथे कुणी भाटांची पोथी लिहून घेतली आहे का? ते वाचताना ध्वनिमुद्रण करू देतात का, आणि त्यांना मानधन काय आणि कसं द्यायचं, म्हणजे त्यांचा मान राहील?